सैतान, बटलर आणि बंगालचा राजपुत्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. दहावीचे वर्ष असूनही रात्री जेवणे झाली की ती लॅपटॉप उघडून बसे. एकदा तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तर पडद्यावर काळ्या शेपटीचा कोट घातलेला एक उंच, फिकट चेहऱ्याचा बटलर चांदीच्या तबकात चहा घेऊन उभा होता. मी नकळत म्हणाले, "अगं, हा तर सेबास्टियन!" भाची चकित झाली. आपल्या मावशीला इतिहास आणि वाचनालयाची वर्गणी यापलीकडे काही ठाऊक असेल, असे तिला वाटले नव्हते.

२००९ साली पुण्यात एम.ए. करत असताना आमच्या वसतिगृहात ही मालिका एका हार्ड डिस्कवरून दुसऱ्या हार्ड डिस्कवर फिरत असे. आम्ही चौघी एका खोलीत, खिडकीला चादर लावून, चोवीस भाग चार रात्रींत संपवले होते. त्या वेळी ती मला फार आवडली होती. धुके, गॅसचे दिवे, घोडागाड्या, सूडाने पेटलेला बारा-तेरा वर्षांचा उमराव आणि त्याच्या सेवेला असलेला सैतान. इतिहास शिकत होते, पण इतिहासाचे डोळे घेऊन ती पाहावी असे मनात आले नव्हते.

या वेळी भाचीबरोबर सगळे भाग पुन्हा पाहिले. हिंदुस्थानातून लंडनला आलेल्या राजपुत्राचा आणि त्याच्या खानसाम्याचा भाग संपल्यावर तिने सहज विचारले, "मावशी, त्या अग्नीचं खरं नाव काय होतं गं?" हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

*

आधी मालिकेविषयी थोडे सांगायला हवे. 'कुरोशित्सुजी' म्हणजे 'काळा बटलर'. यानो नव्हे, यानाच. याना तोबोसो या चित्रकथालेखिकेने २००६ साली 'जी फँटसी' या जपानी मासिकात ही चित्रकथा सुरू केली. २००८-०९ मध्ये तिच्यावर पहिली ॲनिमे मालिका आली. मूळ चित्रकथा तेव्हा जेमतेम सुरू झालेली असल्याने मालिकेने स्वतःचा शेवट रचून टाकला. २०१० साली दुसरे पर्व आले. २०१४ सालच्या सर्कशीच्या पर्वापासून मात्र निर्माते मूळ कथेकडे परतले. २०१७ साली बोटीवरचा चित्रपट, २०२४ साली निवासी शाळेचे पर्व, २०२५ साली जर्मनीतल्या जंगलाचे पर्व, असे हे काम अजून चालू आहे.

कथा १८८८-८९ सालच्या इंग्लंडात घडते. सिएल फँटमहाइव्ह हा अनाथ मुलगा खेळण्यांच्या आणि मिठाईच्या कंपनीचा मालक आहे आणि राणी व्हिक्टोरियाचा 'राखणदार कुत्रा'ही आहे. गुन्हेगारी जगातली, पोलिसांना न पेलणारी कामे राणी त्याच्याकडून करून घेते. आई-वडिलांच्या हत्येचा सूड घेता यावा म्हणून त्याने एका सैतानाशी करार केला आहे. सूड पुरा होईपर्यंत सैतान त्याचा बटलर म्हणून राबेल; त्यानंतर मुलाचा आत्मा त्याचा. जपानी भाषेत यावर एक कोटी आहे. 'आकुमा' म्हणजे सैतान आणि 'आकुमादे' म्हणजे 'निव्वळ' किंवा 'अखेरपर्यंत'. आपण निव्वळ बटलर आहोत असे सेबास्टियन नम्रपणे म्हणतो, तेव्हा त्याच शब्दांत तो आपली ओळखही सांगून टाकतो. भाषांतरात ही गंमत हरवते.

यातले लंडन खरे नाही, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. एक मृत्युदूत चक्क यांत्रिक करवत घेऊन फिरतो. पण खोट्या लंडनलाही इतिहास असतो.

१८८५ च्या जानेवारीत लंडनच्या नाइट्सब्रिज भागात एका सभागृहात 'जपानी खेडे' उभारण्यात आले होते. जपानहून आणलेले कारागीर, स्त्रिया, मुले तिथे दिवसभर बसून भांडी रंगवत, चहा देत, आणि लंडनकर तिकीट काढून त्यांना बघत. त्याच वर्षी मार्चमध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचे 'द मिकाडो' हे संगीतक रंगभूमीवर आले. त्यातला जपान पंखे, छत्र्या आणि हास्यास्पद नावे यांचा होता. खरा जपान तेव्हा राज्यघटना लिहीत होता. ती १८८९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली. पुढे सव्वाशे वर्षांच्या आत जपानी चित्रकारांनी नेमका तोच खेळ उलटा मांडला: टोप, कॉर्सेट, चहाचे पेले आणि धुके यांचे एक खोटे इंग्लंड. अकिहाबारामध्ये २००१ पासून व्हिक्टोरियन मोलकरणींच्या पोशाखातल्या मुली चहा देऊ लागल्या, आणि २००६ साली इकेबुकुरो भागात बटलरांचे चहागृह निघाले. 'काळा बटलर' त्याच वर्षी जन्माला आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मराठी वाचकाला असे लंडन नवे नाही. रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची लंडनच्या रहस्यांची लांबलचक पुस्तके एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात अफाट वाचली गेली आणि मराठीतही उतरली. शेरलॉक होम्स १८८७ साली प्रथम अवतरला तो एका नाताळ विशेषांकात. आणि इंग्रजी नाताळ अंकांच्या धर्तीवरच १९०९ साली 'मनोरंजन'ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. म्हणजे हा अंकसुद्धा त्या धुक्याचा एक दूरचा नातेवाईक आहे.

*

आता बटलरकडे येऊ.

मालिकेतला फँटमहाइव्ह वाडा सेबास्टियन जवळजवळ एकट्याने चालवतो. स्वयंपाक, चांदीची भांडी, धन्याचे बूट, व्हायोलिनची शिकवणी आणि मध्यरात्री मारेकऱ्यांचा निःपात, सगळे तोच करतो. वास्तवात बटलर ही दुर्मीळ गोष्ट होती. इंग्लंडात पुरुष नोकर ठेवण्यावर १७७७ पासून कर होता, तो १९३७ पर्यंत टिकला. त्यामुळे दारात पुरुष नोकर असणे हीच श्रीमंतीची पाटी असे. १८९१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीच संख्या तेरा लाखांवर होती. त्यांतल्या पुष्कळ जणी लहान घरांत एकट्या राबणाऱ्या मुली होत्या. पहाटे चुली साफ करायच्या आणि रात्री सगळे निजल्यावर माळ्यावर जाऊन पडायचे. त्यांच्यावर कोणी ॲनिमे काढली नाही.

या नोकरांच्या बाबतीत एक रीत होती. मोठ्या घरांत नवा फूटमन आला की त्याचे नाव बहुधा बदलले जाई. आधीचा जेम्स असेल तर नवाही जेम्स. मोलकरणीचे नाव मालकिणीच्या नावाशी जुळत असेल किंवा फार ऐटबाज वाटत असेल, तर तिची मेरी होई. माणसे बदलत, नाव तेच राही. धन्याला नवे नाव लक्षात ठेवण्याचा त्रास नको.

मालिकेने ही रीत नेमकी पकडली आहे, हे मला २००९ साली दिसले नव्हते. सैतानाला नाव नसते. सिएल त्याला 'सेबास्टियन' म्हणतो, आणि हे नाव कुठून आले, तर ते त्याच्या मेलेल्या कुत्र्याचे नाव होते. तेव्हा आम्ही चौघी या विनोदावर पोट धरून हसलो होतो.

आणि अग्नी? भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मूळ चित्रकथेत आहे. त्याचे पहिले नाव अर्शद. तो ब्राह्मण पुरोहिताचा मुलगा असल्याचे सांगितले आहे. ब्राह्मणाच्या मुलाचे नाव अर्शद कसे, हा प्रश्न जपानी लेखिकेला पडलेला नाही. तो वाईट मार्गाला लागतो, त्याला मृत्युदंड होतो, आणि ऐन वेळी राजपुत्र सोमा त्याला वाचवतो. जुना तू मेलास, असे सांगून सोमा त्याला नवे नाव देतो: अग्नी. म्हणजे कथेतले दोन्ही आदर्श सेवक धन्याने नाव दिलेले आहेत. एकाला कुत्र्याचे, दुसऱ्याला देवाचे.

*

सोमा आणि अग्नीचे भाग पहिल्या पर्वाच्या मध्यावर येतात. हिंदुस्थानातून परतलेल्या इंग्रजांना कोणीतरी नग्न करून उलटे टांगत आहे, आणि राणीचा 'राखणदार' तपास करतो आहे. त्यात त्याला भेटतो बंगालच्या राजाचे सव्विसावे अपत्य असलेला सोमा. १८८९ साली बंगालला राजा नव्हता. तो प्रांत थेट इंग्रजी अमलाखाली होता आणि कलकत्ता ही साऱ्या साम्राज्याची राजधानी होती. पण ते सोडून देऊ. सोमा मीनाच्या शोधात आला आहे. मीना म्हणजे त्याला लहानाचे मोठे करणारी दासी. वेस्ट नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने तिला पळवले, अशी त्याची समजूत आहे. शेवट होतो क्रिस्टल पॅलेसमधल्या करीच्या स्पर्धेत. तिथे अग्नीची करी आणि सेबास्टियनने केलेला, आत करी भरून तळलेला पाव यांची गाठ पडते. राणी स्वतः येते, आणि पाव जिंकतो.

या पावाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. करी हा पदार्थ जपानला हिंदुस्थानातून गेला नाही. तो मेजी काळात इंग्रजांमार्फत, डब्यातल्या करी पावडरीच्या रूपाने गेला. १८७२ सालच्या जपानी पाकपुस्तकांत त्याची कृती सापडते. करी भरलेला पाव हा तर टोकियोतल्या एका बेकरीने १९२७ च्या सुमारास काढला असे मानतात. त्याच १९२७ साली टोकियोच्या शिंजुकू भागातल्या नाकामुराया या दुकानाने 'अस्सल हिंदुस्थानी' करी विकायला सुरुवात केली. ती शिकवणारा माणूस होता रासबिहारी बोस. व्हाइसरॉयवरच्या बाँबहल्ल्यानंतर जपानला निसटलेल्या या बंगाली क्रांतिकारकाला १९१५ साली नाकामुरायाच्या मालकांनी आपल्या घरी लपवले होते. पुढे त्याच घरातल्या तोशिको या मुलीशी त्याचे लग्न झाले. त्या कुटुंबाचे आडनाव होते सोमा.

बंगालचा राजपुत्र सोमा, आणि बंगालचा क्रांतिकारक सोमांचा जावई. याला मी योगायोगाच्या पलीकडे नेत नाही. पण मालिकेतला पाव १८८९ च्या लंडनमध्ये राणीला आवडतो, तेव्हा हिंदुस्थान, इंग्लंड, जपान आणि पुन्हा एक कल्पित इंग्लंड असा फेरा पुरा होतो, आणि त्या फेऱ्यात खऱ्या स्वयंपाक्याला कुठेच जागा नसते.

खरा स्वयंपाकी मात्र होता. जून १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आग्र्याहून अब्दुल करीम हा तरुण टेबलाशी वाढपी म्हणून इंग्लंडला पोचला. तो आधी आग्र्याच्या तुरुंगात कारकून होता. आदल्याच वर्षी साउथ केन्सिंग्टनच्या प्रदर्शनात जे हिंदुस्थानी कारागीर बसवले होते, त्यांतले बरेचसे त्याच तुरुंगातले कैदी होते, हे प्रेक्षकांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. करीमने राणीसाठी करी केली, पुढे तिला हिंदुस्थानी भाषा शिकवली, आणि वाढप्याचा 'मुन्शी' झाला. दरबारी मंडळींना ते कधीच सहन झाले नाही. १९०१ साली राणी गेली, तशी नव्या राजाच्या हुकमाने मुन्शीकडची तिची पत्रे जाळण्यात आली आणि त्याला परत पाठवण्यात आले. वाढपी राहिला असता तर चालला असता. त्याने जागा सोडली, हा त्याचा गुन्हा होता.

बाकीचे हिंदुस्थानी कुठे होते? गोदीत लस्कर खलाशी होते. त्यांच्यासाठी लाइमहाउस भागात १८५७ पासून निवारा चाले. आणि आया होत्या. इंग्रज कुटुंबांबरोबर मुले सांभाळत बोटीने यायचे, आणि बंदरात उतरल्यावर पुष्कळदा वाऱ्यावर सोडले जायचे, हे त्यांचे नशीब. परतीच्या प्रवासाला दुसरे कुटुंब मिळेपर्यंत त्या आल्डगेट भागातल्या 'आयांच्या घरा'त राहत. ते घर १९०० साली हॅकनीत गेले. २०२२ साली तिथे स्मरणफलक लागला. बोटींच्या याद्यांत या बायकांची नोंद कशी आहे? अमुक मेमसाहेबांची आया, तमुक मेमसाहेबांची आया. मीना खरोखर लंडनला आली असती, तर कागदावर तिचे नाव 'मीना' बहुधा नसतेच.

त्याच १८८९ साली मुंबईहून एक स्त्री लंडनला शिकायला गेली. बालपणी लावलेले लग्न मानायला तिने नकार दिला, कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले, तेव्हा तुरुंग पत्करेन असे तिने कळवले. वर्तमानपत्रात तिने 'एक हिंदू स्त्री' या सहीने लिहिले होते. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ती डॉक्टर झाली. बापाचे नाव नाही, नवऱ्याचे नाही; इतिहास तिला नुसते रखमाबाई म्हणून ओळखतो. मालिकेतल्या धुक्यात सैतान मावतो, देवदूत मावतो, मृत्युदूतांची कचेरी मावते. वैद्यकी शिकणारी मराठी बाई मात्र कोणाच्या कल्पनेत आली नाही.

*

मालिकेत एक स्त्री डॉक्टर आहे: सिएलची मावशी, लाल पोशाखातली मादाम रेड. १८८८ च्या व्हाइटचॅपलमधल्या खुनांचा उलगडा तिच्यापाशी होतो. अपघातात नवरा आणि पोटातले मूल गमावलेली ही बाई, आपल्याकडे गर्भपातासाठी आलेल्या वेश्यांना एका मृत्युदूताच्या साथीने ठार मारते. २००९ मध्ये तिच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. या वेळी मी मारल्या जाणाऱ्या बायकांकडे पाहत होते. त्या दोन-चार क्षण दिसतात, किंचाळतात, संपतात.

खऱ्या पाच जणींची नावे आहेत: मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली. हॅली रूबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी २०१९ साली या पाच जणींच्या आयुष्यांवर पुस्तक लिहिले, आणि त्यांतल्या किमान तिघी वेश्या असल्याचा पुरावाच नाही असे दाखवले. कोणी छापखान्यातल्या कामगाराची बायको होती, कोणी बग्गीवाल्याची. घर सुटले, दारू जडली, रात्रीच्या निवाऱ्याला पैसे उरले नाहीत, एवढाच त्यांचा दोष. खून करणाऱ्याला जगाने नाव दिले. मेलेल्यांना सव्वाशे वर्षे एकच शब्द लावला.

मालिकेवर हा सगळा आरोप ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. तिला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, आणि त्यासाठी मी तिला अजूनही मानते. असा परिपूर्ण नोकर माणूस असू शकत नाही, हे ती पहिल्या भागापासून सांगते. न थकणारा, न झोपणारा, न चिडणारा, प्रत्येक आज्ञेला मान तुकवणारा. असा नोकर हवा असेल तर सैतानच ठेवावा लागेल, आणि तो पगार म्हणून आत्मा मागेल. सेवेची किंमत असते आणि धनी ती कधीतरी चुकवतो, एवढे खरे भय या भयकथेत आहे.

मग अग्नी? तो काही मागत नाही. 'जो आज्ञा' म्हणतो आणि राबतो. चित्रकथेत पुढे तो सोमाला वाचवताना मरतो. गोरा सैतान करारावर नोकरी करतो आणि हिंदुस्थानी माणूस भक्तीने करतो, हा फरक मालिकेला खटकत नाही. मला २००९ मध्ये खटकला नव्हता. आपल्या माणसाला चांगले दाखवले म्हणून बरेच वाटले होते.

आणि मीनाचा मला राग आला होता. कारण शेवटी कळते की तिला कोणी पळवलेले नाही. ती आपणहून गेली. दासी म्हणून आयुष्य काढायचे नव्हते, आणि लाडावलेल्या राजपुत्राच्या पाठीमागे धावण्याचा वीट आला होता, असे ती तोंडावर सांगते. मालिका तिला स्वार्थी, कडवट रंगवते. सोमा रडतो, आणि आपणही त्याच्याबरोबर रडावे अशी योजना आहे. आम्ही चौघी त्या रात्री मीनाला नावे ठेवून झोपलो होतो.

*

माझे आजोबा, आईचे वडील, रत्नागिरीच्या बाजूचे. चौदाव्या वर्षी मुंबईला आले आणि एका मोठ्या घरी कामाला राहिले. मुंबईत अशा गड्यांना सरसकट 'रामा' म्हणत. कोकणातून आलेला, घरात भांडी घासणारा, बाजार करणारा, मुलांना शाळेत सोडणारा तो रामा, रामागडी. आजोबांचे नाव रामा नव्हते. त्यांच्या आधीचा गडी रामाच होता, म्हणून तेही झाले. पंधरा-सोळा वर्षे त्या घरात त्यांना दुसरे नाव नव्हते.

मग एके दिवशी त्यांनी ते काम सोडले आणि लालबागच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. पगाराची शाश्वती कमी, झोपायला खोलीत दहा माणसे. का सोडले, हे आजीला विचारले तर ती एवढेच सांगे: "हाक मारली, आणि हे उठले नाहीत. दुसऱ्यांदा मारली, तरी नाहीत. मग चप्पल घातली आणि आले." त्या घरातल्या मुलांनी, आजोबांनी वाढवलेल्या मुलांनी, काय म्हटले असेल? आपला रामा असा निघाला? सोमासारखे रडलेही असतील. मुले खरोखरच रडतात.

गिरणीच्या हजेरीपटावर आजोबांचे नाव पुरे लिहिलेले होते, बापाच्या नावासकट. घरी आजी नवऱ्याचे नाव घेत नसे आणि आम्ही नातवंडे आजोबा म्हणायचो, त्यामुळे ते नाव मी प्रथम वाचले ते गावच्या सातबाऱ्यावर, त्यांच्यामागे वारसनोंद करायची वेळ आली तेव्हा. कितीतरी वेळ ते माझ्याच आजोबांचे आहे हे लक्षात येईना.

हे सगळे मी भाचीला सांगितले. आजोबा तिचे पणजोबा. तिने त्यांना पाहिलेले नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मीना बरोबर होती." मी म्हटले, हो. तिने तो भाग पुन्हा सुरुवातीपासून लावला, आणि या वेळी मीना पडद्यावर आली तेव्हा आम्ही दोघींनी तिचे पुरे बोलणे ऐकून घेतले.